संचयविकार : दोष की व्याधी?

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानमालेसाठी माझ्यासारख्या कापड व्यापाऱ्याला पाचारण केल्याबद्दल मी कार्यकारिणीचा ऋणी आहे. माझे शिक्षण बी.कॉम.पर्यंतचे. पुढचे सारे आयुष्य मीटरपट्टी, कात्री आणि खतावणी यांच्या सहवासात गेले. वैद्यकशास्त्रात मला कोणताही अधिकार नाही, याची पूर्ण जाणीव ठेवूनच मी बोलणार आहे. डॉक्टरसाहेबांनी हे टिपण आधी नजरेखालून घातले आहे, हा माझा मोठा आधार.

विषय ‘होर्डिंग डिसऑर्डर’ असा जाहीर झाला, तेव्हा आमच्या एका विश्वस्त मित्रांनी, चौकाचौकांतील जाहिरात फलकांविरुद्ध ट्रस्ट मोहीम काढणार आहे काय, अशी पृच्छा केली. दुसऱ्या एकांना साठेबाजी आठवली. हा शब्द आम्हा व्यापाऱ्यांच्या कानाला जरा टोचतोच. टंचाईच्या काळात भाव वाढावा म्हणून माल दडवून ठेवणे म्हणजे साठेबाजी, आणि तिच्यासाठी १९५५ चा जीवनावश्यक वस्तू कायदा आहे. आजच्या विषयाशी तिचा संबंध नाही. साठेबाज माल दडवितो तो विकण्यासाठी. ज्या व्याधीविषयी मी बोलणार आहे, तिने ग्रासलेल्या माणसाच्या हातून वस्तू सुटतच नाही. मग ती रिकामी बाटली असो, जुने वर्तमानपत्र असो वा दोरीचा वीतभर तुकडा असो. आपण तिला ‘संचयविकार’ म्हणू.

आता आपणांपैकी अनेकांच्या मनात आपापल्या घरचा माळा उभा राहिला असेल. भीतीचे कारण नाही. ‘असू दे, कधीतरी उपयोगी पडेल’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले जात नाही, असे मराठी घर मला तरी ठाऊक नाही. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या, जरीच्या साड्या बोहारणीला घालून स्टीलची पातेली घेणाऱ्या, गोळ्या-बिस्किटांच्या डब्यांत डाळी भरून ठेवणाऱ्या बायकांच्या हाताखाली आपण लहानाचे मोठे झालो. ही काटकसर होय. गोधडी अंगावर येते, पातेले चुलीवर चढते, डबा फडताळात बसतो. वस्तू एका रूपातून दुसऱ्या रूपात जाते आणि फिरती राहते. संचयविकारात ती येते आणि थांबते.

संग्राहकाचेही तसेच. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. दिनकर गंगाधर केळकर यांनी अडकित्ते, दिवे, कुलुपे, स्वयंपाकघरातील भांडी, अशा इतरांनी मोडीत काढलेल्या कितीतरी गोष्टी गावोगाव हिंडून जमविल्या, आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले. वस्तूंच्या संख्येवरूनच निवाडा करायचा तर केळकरांनाही रुग्ण ठरवावे लागेल! पण त्यांच्या संग्रहाला निवड होती, वर्गवारी होती, मांडणी होती आणि शेवटी तो लोकांना दिला गेला. तेव्हा ‘किती’ या प्रश्नाने येथे काहीच कळत नाही.

मग कशाने कळते? वैद्यकशास्त्र सांगते ते असे. वस्तू टाकणे, विकणे किंवा कुणास देऊन टाकणे या माणसाला वर्षानुवर्षे अत्यंत कठीण जाते, मग त्या वस्तूचे बाजारमूल्य काहीही असो. ती जपलीच पाहिजे असे त्याला आतून वाटते आणि टाकण्याच्या नुसत्या कल्पनेने जीव कासावीस होतो. परिणामी राहत्या जागा भरत जातात. येथे माळा किंवा अडगळीची खोली धरायची नाही; राहत्या जागा पाहायच्या. ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही, न्हाणीघरात बोचकी असतात आणि दारापासून खुर्चीपर्यंत एक पाऊलवाट तेवढी उरते. या साऱ्याचा त्या माणसाच्या जगण्यावर, नात्यांवर, सुरक्षिततेवर परिणाम झालेला असतो. मेंदूची दुखापत, स्मृतिभ्रंश किंवा तीव्र नैराश्य यांमुळेही घर असे होऊ शकते, म्हणून ती कारणे डॉक्टरांनी आधी तपासायची असतात. निकषांत आणखी एक बारकावा आहे, तो आपल्या एकत्र कुटुंबांच्या दृष्टीने मला फार महत्त्वाचा वाटतो. घर आवरलेले दिसत असेल, पण ते केवळ इतरांनी आवरल्यामुळे तसे दिसत असेल, तरी आजार आहेच. सासऱ्यांनी आणून ठेवायचे आणि सुनेने गुपचूप रद्दीवाल्याला द्यायचे, असे वीस वर्षे चालले तर आजार झाकलेला राहतो. मुले परगावी गेली, जोडीदार निवर्तला, की मग तो एकाएकी उपटल्यासारखा वाटतो. वास्तविक त्याची सुरुवात बहुधा अकरा ते पंधरा या वयातच झालेली असते, आणि दर दशकागणिक तो वाढत जातो. पाश्चात्त्य देशांतील पाहण्या एकत्र करून काढलेले प्रमाण शंभरात सुमारे अडीच असे आहे आणि उतारवयात ते अधिक आढळते.

या व्याधीला स्वतःचे नाव मिळाले ते अगदी अलीकडे. अमेरिकेतील प्राध्यापक रँडी फ्रॉस्ट यांनी १९९३ साली आपल्या सहकारी रेचल ग्रॉस यांच्यासह या विषयावर पहिला पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. तोवर हे लक्षण मंत्रचळाच्या, म्हणजे ओसीडीच्या, किंवा एका व्यक्तिमत्त्वदोषाच्या पोटात घातले जाई. मे २०१३ मध्ये अमेरिकन मनोविकार संघटनेच्या निदानपुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत त्याला स्वतंत्र विकाराचा दर्जा मिळाला. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणातही तो आला. ते वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून अमलात आहे. मंत्रचळापासून तो वेगळा का, हे डॉक्टरसाहेबांनी मला एका वाक्यात समजाविले. मंत्रचळाच्या रोग्याला आपले विचार नकोसे असतात. संचयविकाराच्या रोग्याला आपल्या वस्तू हव्याशा असतात, त्यांच्यात त्याला उबदार वाटते, आणि यातना होतात त्या वियोगाच्या क्षणी.

आता त्या मनाच्या आत काय चालत असेल? येथे मला माझ्या खतावणीचा उपयोग झाला. जमाखर्च लिहिणारा माणूस शंभर व्यवहार दहा खात्यांत बसवितो. भाडे, हमाली, वीज, दलाली अशी खाती ठरलेली असतात, म्हणून वर्षअखेरीस ताळेबंद जुळतो. संचयविकाराच्या रोग्याला ही खातीच पाडता येत नाहीत. प्रत्येक कागद त्याला एकमेवाद्वितीय वाटतो, आणि प्रत्येक कागदासाठी तो मनात नवे खाते उघडतो. वस्तू कपाटात गेली तर आपण ती विसरू या धास्तीने ती डोळ्यांसमोर, ढिगाच्या माथ्यावर ठेवतो. मग तिच्यावर दुसरी येते. जो माणूस आपणांस आळशी वाटतो, तो खरे पाहता दिवसभर निर्णय घेण्याचा प्रयत्न करीत असतो आणि दमून जातो.

हा केवळ माझा तर्क नव्हे. डेव्हिड टोलिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. संचयविकाराचे रुग्ण, मंत्रचळाचे रुग्ण आणि निरोगी माणसे यांना आपापल्या घरची टपालातून आलेली कागदपत्रे आणावयास सांगितले. मेंदूचे चित्रण सुरू असताना एकेक कागद दाखवायचा आणि तो ठेवायचा की फाडायचा, हे विचारायचे. काही कागद त्यांचे स्वतःचे, काही परक्यांचे. परक्यांच्या कागदांच्या वेळी संचयविकाराच्या रुग्णांच्या मेंदूतील दोन विशिष्ट भाग इतरांपेक्षा मंद राहिले. स्वतःचा कागद समोर येताच तेच भाग प्रमाणाबाहेर प्रज्वलित झाले. कोणती गोष्ट महत्त्वाची, याची जाणीव करून देण्याशी या भागांचा संबंध आहे. म्हणजे या माणसांना जुन्या कागदाचा तुकडा जितका मोलाचा वाटतो, तितका तो त्यांच्या मेंदूलाच वाटत असतो. हट्ट, लोभ, चिकटपणा हे शब्द मी त्यानंतर वापरीनासा झालो.

आपल्या लोकांत एक समजूत आहे की दारिद्र्य पाहिलेला माणूस असा साठवून ठेवतो. १९७२ चा दुष्काळ मी लहान वयात पाहिला, त्यामुळे मलाही हे पटण्यासारखे वाटले होते. परंतु अभ्यासांत वस्तूंच्या अभावाशी या विकाराचे नाते आढळले नाही. आघाताशी, विशेषतः जवळच्या व्यक्तीच्या वियोगाशी, मात्र ते आढळते. शिवाय सुमारे निम्म्या रुग्णांच्या नात्यात असाच आणखी कुणी असतो, म्हणजे आनुवंशिकतेचाही भाग आहे.

या संदर्भात न्यूयॉर्कच्या कॉलियर बंधूंची हकिकत सांगितल्यावाचून राहवत नाही. होमर आणि लँगली हे एका डॉक्टरचे सुविद्य पुत्र. थोरला वकील, धाकटा अभियांत्रिकी शिकलेला आणि उत्तम पियानो वाजविणारा. हार्लेम भागातील फिफ्थ ॲव्हेन्यूवरच्या आपल्या घरात हे दोघे अविवाहित बंधू आईवडिलांच्या पश्चात जगापासून हळूहळू तुटत गेले. १९३३ साली होमरची दृष्टी गेली, पुढे संधिवाताने तो अंथरुणाला खिळला. लँगली रात्री बाहेर पडे आणि शहरभर हिंडून वस्तू घेऊन येई. चोरांच्या भयाने त्याने घरात ढिगांचे बोगदे रचले होते आणि त्यांत सापळे लावले होते. २१ मार्च १९४७ रोजी पोलिसांना निनावी दूरध्वनी आला. दारे आतून कोंदलेली, म्हणून वरच्या खिडकीतून शिरून त्यांनी शोध घेतला, तेव्हा होमर मृतावस्थेत आढळला. लँगलीचा शोध शहराबाहेर सुरू झाला. घर उपसणे चालू होते. अखेर ८ एप्रिलला तो सापडला, भावापासून जेमतेम दहा फुटांवर. भावासाठी अन्न घेऊन सरपटत जाताना स्वतःच्याच सापळ्याचा ढिगारा त्याच्यावर कोसळला होता. आणि तो गेल्यावर आंधळा भाऊ उपासमारीने गेला. त्या घरातून शंभर टनांहून अधिक सामान निघाले. त्यात चौदा पियानो होते आणि वर्तमानपत्रांच्या राशीच्या राशी. ही वर्तमानपत्रे का जपता, असे लँगलीला पूर्वी एकदा विचारले गेले होते. होमरची दृष्टी परत आली की त्याला मधल्या वर्षांच्या बातम्या वाचता याव्यात म्हणून, असे त्याचे उत्तर होते.

या उत्तरापाशी मी फार वेळ थबकलो आहे. आपण ज्याला कचरा म्हणतो, त्यात त्या माणसाने एखादी आशा ठेवलेली असू शकते.

आणि म्हणून मला माझ्या एका आतेभावांविषयी सांगायचे आहे. ते आता हयात नाहीत. बँकेत हिशेबाचे काम केलेला अत्यंत सरळ, कुणाचा पैही न बुडविणारा माणूस. वहिनी गेल्यानंतर त्यांचे दोन खोल्यांचे घर भरत गेले. पिशव्या, पावत्या, औषधांच्या रिकाम्या पट्ट्या, दिनदर्शिका. आल्यागेल्याला ते दारातच उभे राहून बोलू लागले. पुढे दार उघडणेही थांबले. मुलांना लाज वाटत होती, काळजीही होती. वडील शिखरजीच्या यात्रेला गेले असताना त्यांनी दोन ट्रक बोलावून घर धुऊन-पुसून लख्ख केले, भिंतींना रंग दिला, नवा पलंग आणला. त्यांचा हेतू निखळ चांगला होता, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. यात्रेहून परतल्यावर भाऊ उंबरठ्यावरच उभे राहिले. कुणालाही रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी भेटावयास गेलो, तेव्हा एवढेच म्हणाले, “अरे, ती निळी पिशवी तू पाहिलीस का? तिच्या दवाखान्याच्या पावत्या होत्या तीत. शेवटच्या महिन्याच्या.” त्यानंतर त्यांनी मुलांशी बोलणे जवळजवळ सोडले. वर्षाच्या आत घर पुन्हा पहिल्यासारखे भरले, आणि किल्ली त्यांनी कुणालाच दिली नाही.

पुढे वाचनात आले की हा अनुभव जगभरचा आहे. सक्तीची सफाई केल्याने घर रिकामे होते, आजार तेथेच राहतो, आणि उरलेला विश्वासही त्या ट्रकमधून जातो.

येथे आपल्या समाजाविषयी थोडे बोलणे मला आवश्यक वाटते. परिग्रह हा शब्द आपल्या कानांवर बालपणापासून पडला आहे. परिग्रह-परिमाणाचे अणुव्रत आपल्याकडे आहे. अशा समाजात एखाद्याचे घर बोचक्यांनी भरलेले दिसले, की धर्म जाणणारे लोक त्याच्यापुढे अपरिग्रहाचे प्रवचन मांडतात. आपल्या शास्त्रकारांनी परिग्रह वस्तूंच्या राशीत पाहिला नाही, मनाच्या मूर्च्छेत पाहिला, हे मलाही ठाऊक आहे. आणि वरवर पाहता ही व्याख्या या रुग्णांना तंतोतंत लागू पडते असे वाटेल. पण व्रत म्हणजे संकल्प. जो विवेकाने निवडू शकतो आणि निवडून सोडतो, त्याच्यासाठी व्रत आहे. येथे निवडण्याची शक्तीच पांगळी झालेली असते. मधुमेहाने क्षीण झालेल्या श्रावकाला आपण अठ्ठाई करावयास सांगत नाही. त्याची औषधाची वेळ सांभाळतो. माझ्या अल्प बुद्धीप्रमाणे संचयविकाराच्या बाबतीतही तसेच व्हावे. उपदेशाने या माणसांची आसक्ती कमी होत नाही, लाज तेवढी वाढते, आणि लाज वाढली की दार बंद होते. खेदाची गोष्ट अशी की, यांच्यापैकी पुष्कळांच्या मनात मुळात सद्गुणच असतो. वस्तू वाया जाऊ नये, कुणा गरजूच्या उपयोगी पडावी, हीच त्यांची तळमळ. दान करण्यासाठी जमविलेले दान कधी घराबाहेर पडत नाही, इतकेच.

धोका मात्र कमी लेखू नये. ऑस्ट्रेलियातील मेलबर्नच्या अग्निशमन दलाने दहा वर्षांच्या आगींचा अभ्यास केला. निवासी आगींपैकी अशा घरांतील आगी अवघा पाव टक्का होत्या; पण टाळता येण्याजोग्या मृत्यूंपैकी २४ टक्के त्या घरांत घडले होते. कापडाच्या गोदामाला आग लागलेली ज्याने पाहिली आहे, त्याला याचे कारण सांगावे लागणार नाही. वाट नसते, आणि जळायला भरपूर असते. वृद्धांचे अडखळून पडणे, उंदीर-झुरळे, श्वासाचे विकार हेही आहेच.

उपचार आहेत. विचार आणि वर्तन यांवर काम करणारी, कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी या नावाने ओळखली जाणारी पद्धत फ्रॉस्ट आणि गेल स्टेकेटी यांनी या विकारासाठी खास बेतली. ती वीस-पंचवीस बैठकांची असते आणि तिच्यातील काही बैठका रुग्णाच्या घरी होतात. वस्तूंची खाती पाडणे, एका वेळी एकाच प्रकाराला हात घालणे, नवे आणणे थांबविणे, टाकल्यानंतरची तगमग सोसून ती आपोआप ओसरते हे अनुभवणे, असा तो अभ्यासक्रम असतो. याच व्याधीसाठी मान्यता मिळालेले औषध अजून नाही. परंतु पुष्कळ रुग्णांना सोबत नैराश्य किंवा चिंताविकार असतो आणि त्यावर औषधांचा उपयोग होतो. बहुतेकांत सुधारणा होते. आजार समूळ जातोच असे नाही. आम्ही व्यापारी मंडळी महिन्याभरात हिशेब मागतो, येथे तो वर्षांच्या भाषेत मागावा लागेल.

कुटुंबीयांनी काय करावे, असे मला अनेकजण विचारतात. त्यांच्या संमतीवाचून एकाही वस्तूला हात लावू नये, हे पहिले. ‘हा कचरा’ असा शब्द तोंडातून काढू नये. ते ज्या नावाने त्या वस्तूला ओळखतात, तेच नाव वापरावे. घर रिकामे करण्याचा आग्रह सोडून आधी सुरक्षिततेपुरते बोलावे. गॅसच्या शेगडीभोवतीची जागा, विजेचा मीटर, न्हाणीघर आणि बाहेर पडण्याची वाट, एवढे मोकळे झाले तरी पहिल्या वर्षाचे काम झाले असे समजावे. निर्णय त्यांनी घ्यायचा, आपण शेजारी बसायचे. एका पिशवीला दोन तास लागतील. लागू द्यावेत. पावत्यांच्या पिशवीत काय आहे हे विचारले, तर कदाचित तासभर एक गोष्ट ऐकावी लागेल. ती ऐकणे हाही कामाचाच भाग आहे.

कोठे जावे, हेही सांगतो. जवळच्या मनोविकारतज्ज्ञाकडे किंवा शासकीय रुग्णालयाच्या मनोविकार विभागात जाता येते. केंद्र सरकारची ‘टेलिमानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीत बोलता येते आणि रुग्ण स्वतः तयार नसेल तर कुटुंबीयांनाही मार्गदर्शन मागता येते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजाराप्रमाणेच संरक्षण द्यावयाचे आहे, तेव्हा आपापली पॉलिसी एकदा काढून पाहावी.

कार्यकारिणीपुढे माझी एक सूचना आहे. आपल्या समाजातील एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ट्रस्टच्या कार्यालयात आहेच. पर्युषणात आणि दिवाळीत आपले कार्यकर्ते त्यांच्या घरी जातात. जे ज्येष्ठ दारातच उभे राहून बोलतात, आत या म्हणत नाहीत, त्यांच्या नावापुढे कोणतीही खूण करू नये, कुणाकडे वाच्यता करू नये. पण त्यांच्याकडे महिन्यातून एकदा एकाच कार्यकर्त्याने, तोच तोच, जात राहावे. आत बोलावले जाईपर्यंत दारातच बोलावे. स्वयंसेवक तयार झाल्यास त्यांना चार गोष्टी शिकविण्याची तयारी डॉक्टरसाहेबांनी दर्शविली आहे. नावे कार्यालयात नोंदवावीत. माझे नाव मी सकाळीच नोंदविले आहे.

डॉक्टरसाहेब आता आपल्या प्रश्नांना उत्तरे देतील. ज्यांना सर्वांसमक्ष विचारणे अवघड वाटेल, त्यांनी नाव न घालता चिठ्ठी पाठवावी.